गॅसची कॉपर लाईन टेस्ट करायची तं कशानं? साबण, पाण्याची नळी का डिटेक्टर

मागच्या मे महिन्यात आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटमधे सिलिंडर ओट्याखालून काढून मागच्या बाल्कनीत नेला, तिथून भिंतीतून शेगडीपर्यंत कॉपर लाईन, दहा मीटर धरा. काम करणाऱ्या पोरानं चार नटांवर साबणाचा फेस लावला, फुंकून पाहिलं, आणि "झालं काका, बिनधास्त चहा मांडा" म्हणत पिशवी आवरून राहिला होता. मी म्हटलं थांब बाप्पा, भिंतीतल्या पाईपचं काय? तं तो म्हणे तिथं काही होत नसते. यावरून जे डोकं खाजवलं ते इथं लिहून राहिलो, कारण बेसा-मनीषनगरकडे सगळे सध्या मॉड्युलर किचनच्या नादात हेच काम करून घेऊन राहिले.

साबण पहिले. भांड्याचं लिक्विड आणि पाणी, ब्रशनं जोडावर लावायचं, बुडबुडे आले की लीक तिथंच. खर्च शून्य आणि जागा बोटानं दाखवते, हे याच्यासारखं कोणीच करत नाही. पण जो जोड दिसतो तिथंच लागते ना. भिंतीत, टाइलमागे, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात ब्रश जात नाही. शिवाय लीक अगदी बारीक असला तं बुडबुडा यायला मिनिट-दोन मिनिट लागतात आणि तेवढा वेळ कोणीच बघत नाही, मेच्या उकाड्यात तं नाहीच, फेसच वाळून जाते. (माचीस लावून बघणारे महाभाग अजूनही आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं.)

दुसरी पद्धत म्हणजे प्रेशर धरून ठेवणं, म्हणजे लाईनमधे दाब भरून ती बंद करायची आणि दाब उतरते का ते बघायचं, आणि माझं मत विचाराल तं पैसे द्यायचे असतील तं याचेच द्या. इथं एक फसवणूक आहे, फसवणूक म्हणजे अज्ञानच जास्त. काही जण 10 किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 10 किलो दाबापर्यंत मोजणारा) काट्याचा गेज लावतात आणि म्हणतात बघा, काटा हलला नाही. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस निघते ती साधारण 30 मिलीबारनं, म्हणजे किलोच्या हिशोबात 0.03. दहा किलोच्या डायलवर तेवढ्यासाठी काटा हलणार कसा? ट्रकच्या वजनकाट्यावर जिरं तोलल्यासारखं आहे हे.

त्याऐवजी पाण्याची यू नळी. बांधकामवाले मिस्त्री लेव्हल बघायला जी पारदर्शक पाईप वापरतात तीच, फळीवर यू आकारात बांधायची, अर्धी पाण्यानं भरायची, एक तोंड लाईनला आणि दुसरं उघडं. 30 मिलीबार म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात साधारण 30 सेंटिमीटरचा फरक, साध्या पट्टीनं मोजता येते. दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, नाही तं जास्त दाब आला की पाणी छतावर. दहा मीटर लाईन, आतून 10 मिलिमीटर, तिच्यात मावते फक्त पाऊण लिटर हवा, म्हणून फरक एक सेंटिमीटरनं कमी झाला तं बाहेर गेली पाऊण मिलिलीटर हवा, पाव चमच्याहूनही कमी. इतकं बारीक नाकाला तं कळतच नाही.

आणि टेस्ट हवेनं करायची, गॅस आत सोडायच्या आधी, बीपीच्या मशीनचा रबरी फुगा चालते. तोंडानं फुंकू नका, श्वास गरम असते, थंड झाला की प्रेशर आपोआप उतरते आणि नसलेला लीक दिसते. एसीवाल्यांकडे नायट्रोजनचं सिलिंडर असते, तेही ठीक, पण ते लोक एसीच्या सवयीनं शेकड्यानं पीएसआय (दाबाचं माप) मारतात, तेवढ्यानं शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर कामातून जाईल, म्हणून दोन्ही बाजू आधी सोडवून घ्या. ऑक्सिजन मात्र अजिबात नाही, तेल-ग्रीस लागलेल्या जागी ऑक्सिजन स्वतःच भडका करते.

आता आमची गंमत. सकाळी दहाला नळी लावली तं पाणी खाली यायच्या ऐवजी चढून राहिलं! साळा खुश, म्हणे भाऊजी लीक तं नाहीच, उलट प्रेशर वाढून राहिलं. बाल्कनीतल्या पाईपवर ऊन पडलं होतं, बस. आतली हवा एक डिग्रीनं तापली की पाणी जवळजवळ 3 सेंटिमीटर चढते, म्हणजे नागपूरच्या उन्हात खरा लीक आरामात लपून जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला परत लावली, पाच मिनिट स्थिर होऊ दिली, मग दहा मिनिटांत 4 सेंटिमीटर खाली. नंतर साबण लावला तं शेगडीखालच्या फ्लेअर नटवर (कॉपर पाईपचं पसरवलेलं तोंड आवळून धरणारा नट) बुडबुडे, भिंत बिचारी निर्दोष होती.

गॅस चालू असलेल्या जुन्या लाईनवर ही टेस्ट करून राहिले असाल तं अजून एक चोर आहे. बंद केलेला व्हॉल्व्ह थोडा-थोडा गॅस पास करत असला तं गेलेल्याची भरपाई होत राहते आणि पाणी हलत नाही. म्हणून आधी प्रेशर 8-10 सेंटिमीटरवर आणून मिनिटभर पाहा, वर सरकलं तं व्हॉल्व्ह खराब.

डिटेक्टरचं थोडक्यात. रोज रात्रीसाठी चांगला, फिटिंग पास करायला नाही. सेंट, सॅनिटायझरनं पण वाजते आणि कूलर चालू असला तं गॅस पातळ होऊन वाजतच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तं जमिनीजवळ लावा, पाईपचा गॅस हलका, तो असला तं छताजवळ. छतावर लावलेला एलपीजी डिटेक्टर म्हणजे शोपीस.

टेस्ट पास झाली की लाईनमधली हवा काढायची, तिथंही दोन मतं. बर्नरमधून काढा, किंवा नळी लावून बाहेर सोडा. घरच्या पाऊण लिटरसाठी मला बर्नरच बरा वाटते, मोठा बर्नर मिनिटाला अंदाजे लिटरभर सोडते, वास सलग यायला लागला की बंद. पण पेटवत-पेटवत काढू नका, जे सगळे करतात. त्या वेळी पाईपमधे हवा-गॅस मिसळलेलं असते आणि ज्वाळा मागे पळू शकते. दारं-खिडक्या उघड्या, देवाजवळचा दिवा विझवलेला, कूलर-एक्झॉस्टची बटणं आहेत तशी, चालू-बंद करायचं नाही. एलपीजीचं हवेत 2 टक्क्यांच्या आसपास प्रमाण झालं की पेटते, म्हणजे एक लिटर गॅस 50 लिटर हवा पेटती करते, आणि ती बसते खाली, ट्रॉलीत, मोरीच्या जाळीत. म्हणून वास गेल्यावरही दहा-पंधरा मिनिट थांबून मगच पेटवा.

नळीनं बाल्कनीबाहेर सोडायचं तं खाली कोणाचं गीझर आहे, कोण बिडी ओढून राहिलं, हे बघावं लागते, कारण गॅस त्यांच्याकडेच उतरणार. सोसायटीत खालून सिलिंडर बँकेची (एकत्र जोडलेल्या बऱ्याच सिलिंडरची) मोठी लाईन असली, इंचभर पाईप वीस मीटर, तं तिच्यात दहा लिटर मावते, ती बर्नरनं काढायचा विचारच नको, तिथं एजन्सीचा माणूस आणि नायट्रोजन.

तसं घरच्या लाईनलाही शेवटचा हात एजन्सीच्या मेकॅनिकचाच लावा, आपण फक्त विचारायचं की नळी आणली का आणि किती सेंटिमीटर उतरलं. आमच्या पोराला परत बोलावलं, नट बदलला, परत पहाटे सहाची टेस्ट, दहा मिनिट पाणी जागचं हललं नाही. आता तो स्वतःच लेव्हल पाईप पिशवीत घेऊन फिरते, फळी मात्र आमचीच घेऊन गेला, अजून आणून दिली नाही. आणि मधेच कधी वास आला तं रेग्युलेटर बंद, बटणांना हात नाही, आणि घराबाहेर येऊन 1906 लावा.