अडीच इंची हिच, पावणेचार टनांचा ट्रेलर आणि चौदा महिने

ट्रेलर रस्त्यात सुटला नाही, हे नशीबच. जुनी हिच, म्हणजे ट्रकच्या मागे बसवलेली ट्रेलर जोडायची लोखंडी चौकट, खाली उतरवली तेव्हा तिच्या उजव्या पट्टीतली दोन भोकं गोल राहिलेली नव्हती, ओढून लांबट झाली होती. बॉलचा दांडा ज्यात खुपसतात ती चौकोनी नळी आडव्या पाइपाला जिथे जोडलेली असते तिथे वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी भेग होती. रंगातून गंजाची बारीक रेघ बाहेर आली होती म्हणून ती दिसली. या हिचवर मी दोन वर्षं मिनी एक्स्कॅव्हेटर ओढत होतो.

चूक हिचची कमी आणि माझ्या हिशेबाची जास्त. मशीन २,६०० किलो, रिकामा ट्रेलर ८५० किलो, म्हणजे ३,४५० किलो. हिचवरच्या माहितीच्या पट्टीवर ३,६२९ किलो, म्हणजे ८,००० पौंड लिहिलेलं. बसतंय, असं मी धरून चाललो. बकेटी, डिझेलचे कॅन, साखळ्या, फळ्या यांचं वजन कधी मोजलंच नाही. सगळा संच वजनकाट्यावर चढवला तेव्हा ट्रेलर ३,७८० किलो भरला. मग ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून फक्त ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा जॅक काट्यावर टेकवला. दांडीचा भार ५१० किलो निघाला. पट्टीवर उभ्या भाराची मर्यादा ३६३ किलो लिहिली होती, पण तो दुसरा आकडा मी वाचलेलाच नव्हता. त्यात बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो तो लोखंडी गोळा, ज्या दांड्यावर बसतो त्यावर २,७२२ किलोचा शिक्का. म्हणजे अख्ख्या जोडणीची ताकद तेवढीच होती, हिचवर काहीही लिहिलेलं असो.

म्हणून नवी हिच घेताना आधी वजन केलं, मग खरेदी. दांडीवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावतो, जास्त आला तर गाडीचं नाक वर उचलतं. माझे ५१० किलो साडेतेरा टक्क्यांच्या आसपास येतात, म्हणजे मशीन ट्रेलरवर योग्य जागी उभी होती. पण हा भार मागच्या चाकांवर जसाच्या तसा पडत नाही. माझ्या ट्रकच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये ३.६ मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे येतो. तरफेचा हिशेब केला तर मागच्या अ‍ॅक्सलवर ६८० किलो वाढतात आणि पुढच्यावरून १७० किलो उचलले जातात. उतारावर स्टिअरिंग हलकं का वाटायचं ते तेव्हा कळलं.

आता घेतलेली हिच अडीच इंची चौकोनी नळीची आहे. पट्टीवर ७,२५७ किलो ओढण्याची आणि १,०८८ किलो उभ्या भाराची मर्यादा आहे, तीही वेट डिस्ट्रिब्यूशनशिवाय, म्हणजे दांडीचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणाऱ्या दांड्यांशिवाय. हे 'शिवाय' महत्त्वाचं. काही हिचवर मोठा आकडा ठळक छापतात, आणि तो फक्त वेट डिस्ट्रिब्यूशन लावलं तरच खरा असतो. साध्या बॉलवर ओढायचं असेल तर लहान आकडा धरायचा. किलोन्यूटनमधली 'डी' किंमत, म्हणजे जोडणीला किती ओढ सोसते त्याचा आकडा, लिहिलेली हिच असेल तर गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरचं कमाल वजन यांचा टनांतला गुणाकार त्यांच्या बेरजेने भागायचा आणि ९.८१ ने गुणायचा. साडेचार टनांची गाडी आणि चार टनांचा ट्रेलर धरला तर उत्तर जवळपास २१ येतं. १७ ची हिच तिथे पुरणार नाही.

या हिचमुळे माझी गाडी सात टन ओढू लागली असं मात्र नाही. पुस्तिकेत ५,४०० किलो लिहिलंय, तीच माझी हद्द.

बसवायला फिटरला आणि मला मिळून तीन तास लागले. चॅसीला एकही नवं भोक पाडावं लागलं नाही, आणि हे मला फार आवडलं. बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे आले, प्रत्येकाचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, कागदावर दिलेला होता. शंभरेक किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंच लावला तर आठपैकी दोन बोल्ट थोडे फिरले. जुन्या हिचच्या वेळी मी हे कधीच केलं नव्हतं, आणि ती लांबट भोकं त्याचीच खूण होती. सैल बोल्ट प्रत्येक ब्रेकला भोकाच्या कडेवर हातोड्यासारखा आदळतो.

बॉल २ ५/१६ इंचाचा, म्हणजे ५८.७ मिलिमीटरचा घेतला आणि ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी दांडीची टोपी, तीही बदलली. बॉलचा आणि कपलरचा आकार एकच हवा. ५० मिलिमीटरचा कपलर आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा बॉल यांची जोडी डोळ्याला सारखीच दिसते, पण ती जोडी नव्हे. कपलरचं कुलूप नीट बसत नाही.

चौदा महिन्यांत वेल्डिंग जसंच्या तसं आहे. दर महिन्याला खाली झोपून टॉर्चने बघतो. भोकं गोल आहेत. जोरात ब्रेक दाबला तर पूर्वी मागून धडधड यायची, आता एकच घट्ट धक्का येतो. मात्र जुना दोन इंची दांडा वापरायला मध्ये कमी मापाची नळी घातली होती, तेव्हा खडखड परत आली. ती काढली आणि अडीच इंचाचाच दांडा घेतला.

तक्रारीही आहेत. ही हिच जुन्या हिचपेक्षा खाली लोंबते, खडबडीत चढावर दोनदा घासली. स्टेपनी काढताना ती आडवी येते. नळीच्या आतला रंग तीन महिन्यांत निघून गंज धरला, आता मी आतून ग्रीस लावून ठेवतो. विजेच्या सॉकेटची पट्टी पातळ पत्र्याची आहे, पहिल्याच पावसात वाकली. एवढ्या जाड लोखंडावर असला पत्रा लावायला नको होता. सुरक्षा साखळ्या अडकवायचे कडे मात्र मोठे आणि दणकट आहेत, दांडीखाली साखळ्यांची फुली घातली की कपलर सुटलाच तरी झोळीत पडतो. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी सुरक्षा तार मी साखळीला न अडकवता गाडीच्या चॅसीला बांधतो, नाहीतर साखळ्यांबरोबर तीही निरुपयोगी व्हायची.

पिंटल हूकही बघितला होता, म्हणजे ट्रेलरचं कडं अडकवायचा आकडा. खडबडीत जागी तो बॉलपेक्षा जास्त वळतो, पण त्यात खेळ असतो आणि प्रत्येक गिअरला दणका बसतो. गूजनेक, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायची बाकदार मान, सर्वात चांगला, कारण भार मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे येतो. पण त्याला हौद्याची मधली जागा द्यावी लागते आणि माझी अवजारांची पेटी तिथेच आहे. ट्रेलरसकट वजन पाच टनांच्या वर जाईल अशी मशीन घेतली तर पेटी हलवेन. तोवर हीच हिच, आणि सॉकेटची नवी जाड पट्टी मी स्वतः कापून लावली आहे.