जॅपनीज मेपलचं बोन्साय न सोबतचा कटर, जळगावातून रिव्ह्यू

तीन स्टार देतोय, त्यातले दोन कटरचे न एक पॅकिंगचा. झाड जानेवारीत आलं, एक पान नाही, आई म्हणे काडी विकत घेतली का रे, पण मेपल थंडीत पानं टाकतंच, नखानं साल जराशी खरवडली तर आत हिरवं निघालं तेव्हा जिवात जीव आला. कॉन्केव्ह कटर मात्र एक नंबर, फांदी खोडालगत कापली की खोलगट जखम होते आणि भरून येताना गाठ उठत नाही, साध्या कात्रीनं हे जमत नाही भो. फेब्रुवारीत कळ्या फुटायच्या आधी दोन जाड फांद्या काढल्या, वरून जखम झाकायची पेस्ट लावली. नंतर नवा शेंडा आला की पानांची एकच जोडी ठेवून पुढचं खुडायचं, याची पानं समोरासमोर येतात ना, मग तिथूनच दोन बारीक फांद्या फुटतात.

आता तक्रार. लिस्टिंगवर लिहिलंय 'फुल सनमध्ये ठेवा'. अहो, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री! मी मार्चातच गच्चीवर ठेवलं न आठवड्यात पानांच्या कडा भाजलेल्या बिबड्यासारख्या (आपला ज्वारीचा पापड) झाल्या. सेलरला फोटो पाठवला तर उत्तर काय, पाणी वाढवा. मुळं कुजवायची का? आता ग्रीन नेटखाली आहे, नऊपर्यंतचं ऊन फक्त, दुपारी कुंडीभोवती ओला गोणपाट. नवी पानं येताय हळूहळू. भुसावळ-धुळेवाल्यांनो, घ्यायचंच तर दिवाळीनंतर घ्या, नाहीतर कटर तेवढा मागवा न वडाच्या रोपावर हात बसवा.