एक लिटरचा थर्मास, शीआनमधले अठरा दिवस आणि एक रबरी वायसर : आठ महिन्यांनंतर

जानेवारीत घेतलेल्या या थर्मासबद्दल मी फेब्रुवारीत भरभरून लिहिलं होतं, पाचपैकी पाच तारे दिले होते. एप्रिलच्या शेवटी चीनमधल्या शीआनहून परतल्यावर रागाने ते एकावर आणले. आता आठ महिने झालेत आणि थर्मास रोजच्या वापरात आहे, म्हणून पुन्हा लिहिते. स्टील, दुहेरी भिंत, चोवीस तास गरम हे सगळं खोक्यावर छापलेलंच आहे. मला बोलायचंय ते झाकणाच्या आतल्या वायसरबद्दल.

चीनमध्ये पैसे राखून फिरायचं तर थर्मासवाचून चालत नाही. नळाचं पाणी तिथे कुणी तसंच पीत नाही, पण उकळलेलं पाणी, काइश्वेइ, हॉस्टेलात, रेल्वे स्टेशनात, गाडीत डब्याच्या टोकाला फुकट मिळतं. आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे आपापली बाटली घेऊन रांगेत उभे असतात. दुकानात पाण्याची बाटली दोन युआनला, म्हणजे चोवीसेक रुपयांना. दिवसाला तीन धरल्या तर अठरा दिवसांचे १०८ युआन होतात. शीआनच्या जुन्या तटबंदीवर चढायचं तिकीट ५४ युआन. हा हिशेब मी निघायच्या आधीच वहीत मांडला होता. अलिपेवर, म्हणजे तिथल्या पैसे भरायच्या ॲपवर, परदेशी कार्डाने २०० युआनच्या वर एका वेळी भरले की तीन टक्के कापतात, म्हणून हॉस्टेलचे पैसेसुद्धा मी तीन-तीन रात्रींचे भरत होते. यावरून माझा हात किती आखडता होता ते कळेल.

खाण्याचेही पैसे या थर्मासने वाचवले. मी मांस खात नाही. शीआनमध्ये त्यामुळे उपाशी राहावं लागतं असं मुळीच नाही. ल्यांगपी म्हणजे व्हिनेगर आणि तिखटाचं तेल घातलेल्या पिठाच्या थंड, रुंद पट्ट्या. योउपो म्यान तर आपलीच वाटते : वाफाळत्या शेवयांवर लाल तिखट आणि चिरलेली पात ठेवतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. तो चर्रर्र आवाज आणि ठसका आला की आईने फोडणी टाकली असंच वाटतं. पण सकाळी मात्र मी घरून नेलेला उपम्याचा भाजलेला रवा डब्यात घालून त्यावर थर्मासमधलं पाणी ओतायची आणि झाकण लावून आठ मिनिटं थांबायची. आदल्या रात्री भरलेल्या पाण्यातही रवा नीट फुलायचा. गरम ठेवण्यात या थर्मासला तोड नाही, हे तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

त्याचा एकदा त्रासही झाला. मेट्रोत शिरताना प्रत्येक पिशवी तपासतात आणि पाणी दिसलं की एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. पाणी नुकतंच भरलेलं. मी झाकणातून वर येणारी वाफ दाखवली, तेव्हा त्या बाईंनी हसून पुढे सोडलं. तेव्हापासून मेट्रोच्या आधी अर्धा थर्मास कोमट पाण्याने भरायची सवय लागली.

सहाव्या दिवशी तटबंदीवर गेले. मिंग काळातली, चौदाव्या शतकातली, सुमारे १३.७ किलोमीटरची ही भिंत वर बारा-चौदा मीटर रुंद आहे. सायकली भाड्याने मिळतात, पण मला पायीच पूर्ण फेरी मारायची होती. दक्षिणेच्या योंगनिंगमेन दरवाजातून चढले. अर्धा तास झाला नसेल, पाठीला चटका बसला. सॅक उघडली तर कपडे, वही, उपम्याची पाकिटं सगळं भिजलेलं. पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत होता म्हणून वाचला. सगळीकडे तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं, तो भिजला असता तर सहलच संपली असती.

फेरी सोडून खाली उतरले. ५४ युआन गेले.

झाकण बघितलं. राखाडी रबराचा वायसर खाचेतून अर्धा बाहेर आला होता, ताणला जाऊन सैल झाला होता. बोटाने दाबून बसवला की तेवढ्यापुरता बसायचा, उकळतं पाणी भरलं की परत निसटायचा. खाच इतकी उथळ आहे की वायसरला धरून ठेवणारं तिथे काही नाहीच. गरम पाण्यासाठी विकायच्या वस्तूत हा दोष मी आजही माफ करत नाही.

हॉस्टेलजवळच्या गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. कारागिराला तिथे शिफू म्हणतात. शिफूंनी खाचेवरून नख फिरवलं आणि पत्र्याच्या डब्यातून मूठभर वायसर काढले. पहिला मोठा झाला, दुसरा पातळ होता. तिसरा जरा जाड होता, तो अंगठ्याने दाबत दाबत बसवला. मग स्वतःच्या किटलीतलं पाणी भरून थर्मास उलटा केला आणि खाली कोरडा पुठ्ठा धरला. मिनिटभर आम्ही दोघं त्या पुठ्ठ्याकडे बघत होतो. थेंब नाही. मी पैसे द्यायला फोन काढला तर हात हलवून म्हणाले, ‘बु योंग’, म्हणजे नकोत.

दुसऱ्या दिवशी ता-येन पॅगोडाला गेले. भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ह्युएन त्सांगच्या सांगण्यावरून ६५२ साली तो बांधला. हाच ह्युएन त्सांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने नोंदवून ठेवलंय. त्या विटांच्या मनोऱ्याखाली उभी असताना मला किल्लीवाले शिफूच आठवत होते. नंतर पुन्हा ५४ युआन देऊन तटबंदीची पूर्ण फेरी मारली, साडेचार तास. बाटल्यांवर वाचवायचे ते १०८ युआन असे तिथेच संपले.

शीआनजवळ जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन मातीच्या सैनिकांबद्दल सगळेच लिहितात. मी एवढंच सांगेन की १९७४ मध्ये शेतकरी पाण्यासाठी विहीर खणत होते म्हणून ते सापडले. तिकिटाचे १२० युआन जास्त वाटतात, पण पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी उभं राहिल्यावर तक्रार राहत नाही.

परत आल्यावर कंपनीशी भांडण सुरू झालं. उत्तर असं की वॉरंटी एक वर्षाची, पण रबरी भाग त्यात नाहीत. वायसर सुटा मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, ४४९ रुपये अधिक कुरिअर. आणि पाणी ‘हॉट’ चालतं, ‘बॉइलिंग’ नाही. खोक्यावर वाफा निघणाऱ्या चहाचं चित्र आहे, त्याचा फोटो पाठवला. तीन आठवडे तेच उत्तर कॉपी करून येत राहिलं, मग तक्रार परस्पर बंद केली. ८९९ रुपयांच्या थर्मासला अर्ध्या किमतीचं झाकण मी घेणार नाही.

शिफूंनी बसवलेला वायसर मात्र अजून टिकून आहे. गेले पाच महिने रोज सकाळी उकळतं पाणी भरते, एकदाही गळलं नाही. म्हणून आज तीन तारे. ते स्टीलच्या भांड्याचे आहेत, झाकणाला शून्य आणि सेवेलाही शून्य. घेणार असाल तर दुकानातच झाकण उघडून वायसर नखाने उचकून बघा. सहज निघाला तर तिथेच ठेवून या. आणि शीआनला जाणार असाल तर त्या मापाचे दोन वायसर सॅकमध्ये टाका, वजन काहीच होत नाही.