पाहुण्यांसाठी वड्या: ज्वारीच्या की नाचणीच्या?

कोथिंबीर, मेथी किंवा कोबीच्या वड्या करायच्या, बेसन मूठभरच घालायचं, दही-तूप अजिबात नको आणि धान्य फार पाणी न पिणारं हवं, असं ठरवलं की गाडी ज्वारी किंवा नाचणीवर येते. मी दोन्हींच्या वड्या करतो.

शेताच्या बाजूने दोन्ही धान्यं गुणी आहेत. रब्बीची मालदांडी ज्वारी काळ्या रानात पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नाचणी कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पावसाच्या पाण्यावर होते. कॅल्शियम पाहायचं तर नाचणीला तोड नाही: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारीत जेमतेम २५-३०. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर एवढ्यावरच निर्णय झाला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझं मात्र अडतं ते कढईपाशी. नाचणीची वडी मुळातच तपकिरी. तेलात सोडली की कच्ची कुठली, खरपूस कुठली आणि करपायला लागलेली कुठली, हे रंगावरून कळत नाही. झाऱ्यावर घेऊन टोकरून बघावं लागतं, नाहीतर बुडबुडे कमी होण्याची वाट बघायची. घरच्यापुरतं ठीक आहे. पण बाहेर माणसं बसलेली असताना घाण्यामागून घाणा असा अंदाजाने काढायचा म्हणजे जिवाला घोर. शिवाय कोथिंबिरीची जुडीच्या जुडी घातली तरी तिचा हिरवेपणा त्या पिठात हरवतो. उकडलेला उंडा पूर्ण गार होऊ दिला नाही तर सुरीलाही चिकटतो.

ज्वारीची वडी कडेने गुलाबी होत जाते, हिरवं पान मधून दिसतं, आणि नेमकं कधी उपसायचं ते डोळ्यांना कळतं. तिचीही खोड आहे. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, मग उंडा भेगाळतो आणि वडी कापताना भुगा होतो. त्यावर उपाय साधा: गिरणीतून थोडंच ताजं दळून आणायचं, पिठावर उकळतं पाणी घालून झाकून ठेवायचं, कोमट झालं की चांगलं मळायचं आणि मगच भाजी, तीळ, आलं-मिरची, मीठ घालायचं. भाजीला मिठाने पाणी सुटतं, म्हणून वरून पाणी बेतानेच. दह्याच्या जागी चिंचेचा कोळ दोन्हीकडे चालतो, ज्वारीत जरा जास्तच खुलतो असं मला वाटतं. पण हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न.

आप्पे किंवा छोटी घावनं करणार असाल तर मात्र मी नाचणीच घेईन. तिचं पीठ बारीक, पाण्यात छान मिळून येतं, रात्रभर आंबवलं की तिची मूळची चव वर येते, आणि आप्पेपात्रात झाकण ठेवून, मग उलटून भाजायचं असल्याने रंगावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. वड्यांना ज्वारी. नाचणी घालायचीच असेल तर चार वाट्या ज्वारीला एक वाटी घाला. तेवढ्याने रंग फार झाकोळत नाही.