सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ: ‘ऑफ-सीझन सवलती’त झालेली फसवणूक

आषाढी एकादशी उलटल्यानंतर आणि श्रावण लागण्यापूर्वीचे दिवस वेरूळ-अजिंठ्याला जाण्यासाठी सोयीचे असतात. शाळा सुरू झालेल्या असतात, घृष्णेश्वराला श्रावणी सोमवारची झुंबड अजून उडालेली नसते, डोंगर हिरवे झालेले असतात आणि गाड्या व खोल्याही कमी दरात मिळतात. या कमी दराच्याच आडून आमच्या कुटुंबाची जी फसवणूक झाली, तिची रीत इतरांना ठाऊक असावी म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

आईवडील आणि मावशी यांना घेऊन आम्ही लातूरहून निघणार होतो. छत्रपती संभाजीनगरातील एका एजंटाशी फोनवर बोलणे झाले, तेव्हा त्याने गाडी, मुक्काम, लेण्यांचे प्रवेशशुल्क, घृष्णेश्वराचा ‘व्हीआयपी दर्शन पास’ आणि एका ‘पैठणी म्युझियम’ची भेट असे सगळे एकाच रकमेत बसवून दिले. सवलतीला अट एकच होती, ती म्हणजे शनिवार-रविवार टाळून सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ करायचे. सुटीच्या दिवशी गर्दी असते, हे त्याने दिलेले कारण कोणालाही पटावे असेच होते. परंतु अजिंठा लेणी दर सोमवारी आणि वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात, आणि ज्याचा धंदाच या लेण्यांवर चालतो त्याला हे वार ठाऊक नसावेत, यावर माझा मुळीच विश्वास नाही.

प्रवेशशुल्काचा हिशेब मागितला, तेव्हा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट खिडकीजवळच्या फलकाचा फोटो पाठवला. त्यात ६०० हा आकडा ठळक दिसत होता आणि त्याच दराने माणशी रक्कम लावलेली होती. फलक खरा होता आणि आकडाही खरा होता, फक्त शेजारचा मजकूर कापलेला होता. तो दर परदेशी पर्यटकांचा आहे; भारतीयांना खिडकीवर ४० रुपये पडतात आणि १५ वर्षांखालील मुलांना तिकीटच नसते.

सोमवारी सकाळी चालकाने अजिंठ्याच्या घाटात रस्ता बंद असल्याचे सांगून गाडी देवगिरी किल्ल्याकडे आणि पुढे खुलताबादला वळवली. भद्रा मारुतीचे दर्शन चांगले झाले, हे मान्य करायला हवे. किल्ल्याची तिकिटे मात्र ‘पॅकेजमध्ये नाहीत’ म्हणून आम्हालाच काढावी लागली.

मंगळवारी वेरूळच्या फाटकाला कुलूप होते. “आज अचानक बंद ठेवलंय,” असे चालक म्हणाला, त्यावर तिथला पहारेकरी म्हणाला, “अचानक कशाचं? मंगळवारी बंदच असतंय की.” फलक पूर्ण वाचायला मिळाला तो तिथेच. बारा-तेराशे वर्षांपूर्वी राष्ट्रकूटांच्या काळात एका अखंड खडकातून कोरलेले कैलास लेणे पाहण्याची वडिलांची फार दिवसांची इच्छा होती. ती बाहेरच्या बाहेर राहिली.

घृष्णेश्वर तेथून अगदी जवळ आहे. वाहनतळावर एजंटाच्या माणसाने आमच्या हातात गुलाबी चिठ्ठ्या दिल्या. वर पिंडीचे चित्र, खाली पेनाने घातलेली तारीख, आणि देवस्थानाचे नाव, शिक्का किंवा पावती क्रमांक यांपैकी काहीही नाही. आत रांग जेमतेम होती. वडिलांनी रिवाजाप्रमाणे सदरा उतरवून गाभाऱ्यात दर्शन घेतले, पण ती चिठ्ठी शेवटपर्यंत कोणी मागितली नाही.

तथाकथित म्युझियम म्हणजे साड्यांचे दुकान निघाले. दर्शनी भागात एक हातमाग मांडलेला होता. त्यावरचा पदर अर्ध्या मोरापाशी थांबलेला होता आणि ताण्यावर धुळीचा थर बसलेला होता. याच मागावरचा माल असे सांगून मावशीला १४,००० रुपयांची पैठणी विकण्यात आली. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. या साडीचा पदर मुक्कामी उलटून पाहिला, तर मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची टोके लोंबत होती. पैठणला किंवा तेरला सरकारी वस्तुसंग्रहालये आहेत, तिथे तिकीट घेऊन मूर्ती आणि खापरे पाहता येतात. पाहुण्याला गादीवर बसवून त्याच्यापुढे साड्यांच्या घड्या कोणी मोडत नाही.

एजंटाला जाब विचारला, तेव्हा कार्यक्रम ‘उपलब्धतेनुसार’ होता असे त्याने सुनावले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. त्याने बिल दिलेलेच नव्हते, आणि यूपीआयने पैसे गेले होते ते भलत्याच माणसाच्या खात्यात. तरीही व्यवहाराची नोंद, तो कापलेला फोटो आणि सगळे संदेश आम्ही जपून ठेवले होते, त्यांचा उपयोग झाला. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिल्यावर प्रवेशशुल्काची रक्कम परत आली; पासचे आणि साडीचे पैसे आले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. म्हणून संभाजीनगरला खेटे न घालता आम्ही लातूरच्याच आयोगात तक्रार दाखल केली आहे आणि गुलाबी चिठ्ठ्या व पैठणीची पावती तिला जोडली आहे.