मेंदूतील रक्तवाहिन्यांची विकृती : एमआरआय, सीटी की डीएसए?

निफाड-सिन्नरकडून फिट किंवा जुनी डोकेदुखी घेऊन नाशिकला आलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘रक्तवाहिन्यांच्या विकृतीची शंका’ असे लिहिलेले असते, तेव्हा जांघेतून नळी घालून करायची रक्तवाहिन्यांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे डीएसए, टळेल का, हाच घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. पुष्कळदा ती टळते; पण विकृती कोणती आणि उपचार कुठवर आले आहेत, यावर ते ठरते.

डोके एकाएकी असह्य दुखू लागले किंवा शुद्ध हरपली, तर निवड करत बसू नये. तेथे सीटीच योग्य, कारण रक्तस्राव काही मिनिटांत कळतो.

तातडी नसेल, तर माझ्या मते सुरुवात एमआरआयने व्हावी. त्यात क्ष-किरण नाहीत, आणि ‘टाइम ऑफ फ्लाइट’ पद्धतीत वाहते रक्तच उजळ उमटत असल्याने सुईसुद्धा टोचावी लागत नाही. मात्र रक्त फार संथ वाहत असेल, तर हा उजळपणा मावळतो. अशा वेळी गॅडोलिनियम हे रक्तवाहिन्या उठून दिसण्याचे औषध शिरेतून देतात. मूत्रपिंडाचा जुना आजार असल्यास ते आधी सांगितलेच पाहिजे, तसेच पेसमेकर किंवा मेंदूतील रक्तवाहिनीवर पूर्वी बसवलेली धातूची क्लिपही.

महाग आणि जोखमीची तपासणी म्हणजे अधिक खात्रीची, हा समज कॅव्हर्नोमापुढे, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छापुढे, टिकत नाही. या विकृतीत रक्त जवळजवळ साचलेलेच असल्याने ती डीएसएमध्ये बहुधा दिसत नाही. उलट एमआरआयच्या एसडब्ल्यूआय चित्रणात जुन्या रक्तातील लोहामुळे तिचा काळा डाग स्पष्ट उठतो.

एव्हीएमचे, म्हणजे धमन्या आणि शिरांच्या गुंतलेल्या गाठीचे, तसे नाही. तेथे धमनीतील रक्त केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेत शिरते, आणि कोणती धमनी गाठीला रक्त पुरवते, कोणती शीर ते वाहून नेते, हा क्रम क्षणाक्षणाने डीएसएच सर्वांत नेमका दाखवते. त्यामुळे शस्त्रक्रिया किंवा एम्बोलायझेशन (नळीतून विकृत रक्तवाहिन्या आतून बंद करणे) ठरत असेल, तर एमआरआयवर थांबणे बरोबर नाही. नळीमुळे पक्षाघात होण्याचा धोका अनुभवी हातांत थोडा असतो, पण असतो. केवळ शंका म्हणून तो पत्करू नये.

चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ असेल, तर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) आणि एसडब्ल्यूआय त्यात धरले आहे का, हे मशीनवर झोपण्याआधी विचारावे. पुढे मुंबईला दाखवायचे झाल्यास फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी, म्हणजे सर्जनला प्रत्येक काप स्वतः पाहता येतो.