'मशिन हेड' घ्यावी की 'मेड इन जपान'?

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची एकच रेकॉर्ड घ्यायची म्हटली की गाडी शेवटी या दोघींवरच येऊन थांबते. दोन्ही १९७२च्या; 'मेड इन जपान' ही जपानमधल्या मैफलींची. वाजवणारे तेच पाच जण: गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस. ध्वनिमुद्रणाला दोन्हीकडे मार्टिन बर्च, आणि चार गाणीही सारखीच.

'मशिन हेड' नेटकी आहे. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कसिनो जळाल्यावर बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात, भिंतींना गाद्या लावून ती केली. रेकॉर्डिंगची गाडी बाहेर उभी. वाजवलेलं ऐकायला तिथवर जाणं इतकं जिकिरीचं, की पुढे पुढे मंडळींनी तो नादच सोडला. तो झपाटा मला अजून ऐकू येतो. शिवाय 'पिक्चर्स ऑफ होम'मधला ग्लोव्हरचा बेसचा सोलो 'मेड इन जपान'वर नाही.

मला सलतो तो 'स्मोक ऑन द वॉटर'चा शेवट. गाणं म्हणून संपतं, लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मोकळा व्हायला लागतो, आणि नेमका तिथेच आवाज विरत जातो. कॉलेजात माझ्याकडे ही कॅसेटवर होती. आणखी चार स्वर हाती लागावेत म्हणून मी तिथे आवाजाचं बटण फिरवत न्यायचो. हाती लागायची ती टेपची खरखर, आणि लगेच 'लेझी'चा ऑर्गन कानठळ्या बसवत सुरू व्हायचा. कितीतरी वर्षं मी हे करत होतो.

'मेड इन जपान'वर तेच गाणं ओसाकाच्या १५ ऑगस्टच्या मैफलीतलं आहे, आणि ते तिथे तुटत नाही. लॉर्डचा ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार यांचे सवाल-जवाब रंगतात, गाणं स्वतःच्या पायांनी शेवटापर्यंत जातं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते लगेच पुन्हा लावलं होतं.

'द म्यूल'मधला पेसचा ड्रम सोलो सगळ्यांना झेपेल असं नाही. 'स्पेस ट्रकिन' जवळजवळ वीस मिनिटं चालतं, दोन एलपींच्या या संचाची अख्खी चौथी बाजू. आटोपशीर गाणी आवडत असतील तर 'मशिन हेड' घ्या, पस्तावणार नाही. मला विचाराल तर कुठूनतरी 'मेड इन जपान'ची पहिली बाजू आधी ऐका. दोनच गाणी आहेत, 'हायवे स्टार' आणि 'चाइल्ड इन टाइम'.